मैल सरकारचे, पॉइंट कोणाचे?

काही महिन्यांपूर्वी एका समितीच्या बैठकीसाठी प्रस्तुत लेखकाला दिल्लीस जावे लागले. जाण्यायेण्याचे विमानभाडे बोलावणाऱ्या संस्थेने भरले आणि ती संस्था सार्वजनिक निधीवर चालते. परत आल्यावर चार-आठ दिवसांनी विमान कंपनीचा निरोप आला, की या प्रवासाबद्दल आपल्या खात्यात अमुक इतके पॉइंट जमा करण्यात आले आहेत. आधीच्या अशाच दोन प्रवासांचे पॉइंट त्यांत मिळवले, तेव्हा मुंबईहून नागपूरला एका माणसाचे एकेरी जाणे जवळजवळ फुकटात व्हावे एवढी पुंजी साठली होती. नागपूरला लेखकाची बहीण असते. मोह झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पण खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न वर्षानुवर्षे वर्गात विद्यार्थ्यांना विचारणाऱ्याने तो स्वतःला विचारू नये, हे काही बरे दिसेना. म्हणून हे पॉइंट परत कसे करावेत अशी चौकशी त्या संस्थेच्या लेखा विभागाकडे केली. तेथील एका ज्येष्ठ लेखनिकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दिले, "सर, पैसे परत करायचे असतील तर चलन देतो. पॉइंट जमा करून घ्यायला आमच्याकडे लेखाशीर्ष नाही."

उत्तर विनोदी असले तरी चुकीचे नव्हते. सरकारी कामासाठी केलेल्या प्रवासातून उत्पन्न होणारा एक लाभ आज अस्तित्वात आहे. तो मिळतो, साठतो, वापरला जातो. परंतु सरकारच्या जमाखर्चात त्याला जागा नाही. ज्या वस्तूला हिशेबात जागा नसते ती हळूहळू जवळच्या माणसाच्या खिशात जाते, हा जुना अनुभव आहे. तेव्हा सरकारी कर्मचाऱ्याने कामाच्या प्रवासातून मिळालेले विमान कंपन्यांचे पॉइंट स्वतःसाठी ठेवावेत काय, हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाही.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला प्रथमदर्शनी हा प्रश्न परका वाटेल. आमच्या प्राध्यापक-कक्षात मी तो काढला, तेव्हा मुरबाडहून येणारे एक सहकारी म्हणाले, "आमच्या तालुक्याला अजून आगगाडी नाही, आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी करता!" त्यांचे म्हणणे खरे आहे. कल्याण-मुरबाड लोहमार्गाची चर्चा ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. मुरबाडचा माणूस मात्र एस.टी.नेच कल्याण गाठतो. परंतु प्रश्न विमानाचा नाही. सार्वजनिक कामातून जो लाभ निघतो त्याचा धनी कोण, आणि सार्वजनिक कामासाठी जो भार उचलावा लागतो त्याचा धनी कोण, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचे दुसरे अर्धे आपल्या या दोन तालुक्यांत जितके स्पष्ट दिसते, तितके ते विमानतळावर दिसत नाही.

पॉइंट म्हणजे काय?

१९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या नावे लिहून ठेवू, पुरेसे साठले की एक प्रवास फुकट देऊ, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेतील विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण नुकतेच उठले होते, स्पर्धा तीव्र झाली होती आणि गिऱ्हाईक टिकवून धरण्याची गरज निर्माण झाली होती. योजना इतकी यशस्वी झाली की जगातील बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांनी तिचे अनुकरण केले, आणि पुढे बँकांची कार्डे, हॉटेले व किराणा-कापडाची मोठी दुकानेही त्याच वाटेने गेली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पॉइंट ही बक्षिसी नसते. ती किमतीतच धरलेली आणि पुढे ढकललेली सूट असते. कंपनी आज शंभर रुपये घेते आणि त्यांतले काही रुपये उद्या परत देण्याचे वचन देते, अट एवढीच की उद्याही गिऱ्हाइकाने तिच्याचकडे यावे. आपल्या पैशाने प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत यात आक्षेपार्ह काहीच नाही. त्यानेच पैसे दिले आणि सूटही त्यालाच मिळाली.

घोटाळा होतो तो पैसे देणारा एक आणि आसनावर बसणारा दुसरा असतो तेव्हा. कंपनी सूट देते ती बसणाऱ्याला. भाडे भरणारा तिच्या खातेवहीत कोठेच नसतो. हे अनवधानाने झालेले नाही. कोणत्या विमानाने जायचे हे पुष्कळदा प्रवासी ठरवतो आणि भाडे त्याचा मालक भरतो, हे कंपन्यांना पक्के ठाऊक असते. निवड करणाऱ्याला खूश ठेवले की भाडे थोडे चढे असले तरी चालते, कारण त्याची झळ त्याला लागत नाही.

याच गोष्टीला आपण गावात काय म्हणतो ते पाहावे. समजा, एखाद्या वसतिगृहाचे धान्य खरेदी करणारा कारकून नेहमी एकाच दुकानातून माल उचलतो. दुकानदार दर महिन्याला बिलाच्या प्रमाणात काही रक्कम त्या कारकुनाच्या नावे वहीत लिहून ठेवतो आणि दिवाळीला त्यातून त्याच्या घरी साखर, तेल, लुगडे पाठवतो. माल चोख आहे, वजन पुरे आहे, बिल खरे आहे. तरीही हा व्यवहार सरळ आहे असे कोणी म्हणणार नाही. आपल्या भाषेत त्याला दस्तुरी हा जुना शब्द आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटी स्वीकारण्यावर निर्बंध घातले आहेत ते याच कारणासाठी. त्या साखर-तेलात आणि विमानाच्या पॉइंटांत फरक एवढाच, की पहिली देवघेव लपूनछपून होते आणि दुसरीची पावती संगणक उघडपणे पाठवतो.

इतरांनी काय केले?

या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत पूर्वी नियम असा होता की सरकारी खर्चाच्या प्रवासातून मिळालेले मैल सरकारचे. ते मैल कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत खात्यात पडत. त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागे. २००१ च्या डिसेंबरअखेर तेथे कायदा झाला आणि कर्मचाऱ्यांना असे मैल स्वतःसाठी ठेवण्याची मुभा मिळाली. लगोलग २००२ मध्ये, कामाच्या प्रवासातून मिळालेल्या मैलांवर प्राप्तिकर वसूल करण्याच्या मागे आपण लागणार नाही, असे तेथील कर खात्यानेही जाहीर करून टाकले. मात्र हे उदाहरण आपल्याकडे देताना एक गोष्ट विसरली जाते. अमेरिकन सरकार शहरांच्या जोड्या ठरवून विमान कंपन्यांशी आधीच भाड्याचे करार करते आणि कर्मचाऱ्याला सामान्यतः त्या करारातल्या कंपनीनेच जावे लागते. निवड त्याच्या हाती फारशी उरत नसल्यामुळे पॉइंटांच्या लोभाने महाग तिकीट काढण्याचा धोकाही तेथे मर्यादित राहतो.

जर्मनीत याच्या उलट घडले. तेथील लोकसभेच्या सदस्यांनी कामाच्या प्रवासाचे मैल खाजगी प्रवासाला वापरू नयेत अशी अपेक्षा होती. २००२ च्या उन्हाळ्यात, निवडणूक तोंडावर आली असताना, एका वृत्तपत्राने अशा वापराची प्रकरणे छापण्यास आरंभ केला. ग्रीन पक्षाचे जेम ओझदेमिर यांनी पक्षातील जबाबदारीचा राजीनामा दिला आणि बर्लिन राज्याचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी मंत्रिपद सोडले. रक्कम पाहिली तर क्षुल्लक होती. पण ज्यांनी नियम केले त्यांनीच तो मोडला, ही गोष्ट मतदारांना क्षुल्लक वाटली नाही. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने तिसरा मार्ग धरला. कंपन्यांशी एकत्रित करार करतानाच सरकारी प्रवासावर पॉइंट मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरते या बाबतीत संदिग्धतेला जागा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर १३ जुलै २०१७ रोजी अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने प्रवासभत्त्याचे जे आदेश काढले, त्यांत मायलेज पॉइंटांचा स्वतंत्र उल्लेख आहे. सरकारी प्रवासाच्या तिकिटावर मिळालेले पॉइंट संबंधित विभागाने आपल्या अधिकाऱ्यांच्या अन्य सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. ते खाजगी प्रवासासाठी वापरणाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होईल. आणि हे अशासाठी, की सरकारच्या पैशाने झालेल्या प्रवासाचे लाभ सरकारलाच मिळाले पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. तत्त्व स्वच्छ आहे. परंतु पॉइंट असतात व्यक्तीच्या खात्यात, आणि ते खाते कंपनीच्या नियमांनी चालते. अधिकाऱ्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, त्याने स्वतःच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे पॉइंट त्यात मिसळले, म्हणजे कोणते पॉइंट कोणाचे हे कोण वेगळे काढणार? त्या लेखनिकांच्या बोलण्यातले लेखाशीर्ष येथे आठवते. नियम आहे, पण वही नाही.

पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. तोवर सरकारी प्रवास प्रामुख्याने त्याच कंपनीने करावा लागत असे, म्हणजे निवडीचा प्रश्नच मर्यादित होता. त्यानंतर मार्ग खुला झाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने नवी शिस्त घातली. तिकीट तीन अधिकृत संस्थांकडूनच काढावे, ठरलेल्या वेळेच्या टप्प्यातील सर्वांत स्वस्त भाडे निवडावे, आणि शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी काढावे. ही शिस्त काटेकोरपणे पाळली गेली तर पॉइंटांसाठी महाग विमान निवडण्याची वाट बरीचशी बंद होते. पण 'ठरलेली वेळ' कोणती हे शेवटी प्रवासीच सांगतो. बैठक अकराला आहे की बाराला, आदल्या संध्याकाळी निघायचे की पहाटे, एवढ्या सैल जागेत आवडती कंपनी बसवता येते.

कर्मचाऱ्याची बाजू

दुसरी बाजू अगदीच पोकळ नाही. सरकारी कामाचा प्रवास म्हणजे सहल नव्हे. पहाटे तीनला उठून निघावे, विमानतळावर तासन् तास बसावे, रात्री उशिरा परतावे आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर व्हावे. घरच्यांचा वेळ यात जातो, प्रकृतीवर परिणाम होतो. त्याची थोडी भरपाई पॉइंटांतून झाली तर बिघडले कुठे? शिवाय खाजगी कंपन्यांतील नोकरदारांना हे पॉइंट सर्रास मिळतात. चांगली माणसे सरकारी नोकरीत टिकवायची तर एवढ्या तेवढ्यावरून हात आखडू नये, असेही म्हणतात. आणि तिसरा युक्तिवाद व्यवहाराचा. हे पॉइंट गोळा करण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होणार असेल तर तो करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे आणि त्याचा विचार पुढे करतो. पहिले दोन मात्र टिकत नाहीत. प्रवासाचा त्रास भरून काढण्यासाठी दैनिक भत्ता आहे. तो कमी पडत असेल तर वाढवावा, उघडपणे वाढवावा, अर्थसंकल्पात दाखवून वाढवावा. एखाद्या कंपनीच्या विक्रीच्या धोरणातून योगायोगाने जे गळते त्याला वेतनाचा भाग मानता येत नाही. त्रास हेच जर माप धरायचे, तर त्या मापाने पॉइंट सर्वांत आधी कोणाला मिळाले पाहिजेत? केंद्राच्या नियमांप्रमाणे वेतनस्तर १४ व त्यावरील अधिकारी विमानाच्या वरच्या वर्गाने जाऊ शकतात, ६ ते १३ पर्यंतचे साध्या वर्गाने. स्तर ५ व त्याखालच्यांना विमान नाही, आगगाडीच आहे. म्हणजे पद जितके उंच तितका प्रवास सुखाचा आणि वर पॉइंटही अधिक. त्रासाची भरपाई त्रासाच्या उलट प्रमाणात वाटणारी ही योजना न्यायाच्या नावाने समर्थनीय ठरत नाही.

आपल्या दोन तालुक्यांतून पाहताना

आता मुरबाड-शहापुराकडे वळू. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला. हे दोन तालुके ठाण्यात राहिले आणि त्यांचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे हेच राहिले. शहापूरच्या कर्मचाऱ्याला ठाण्याच्या बैठकीस जायचे तर आधी रिक्षाने आसनगाव स्टेशन आणि तेथून लोकल. डोळखांब, किन्हवलीकडचा असेल तर त्याआधी एस.टी.ची वाट पाहणे आलेच. टोकावडे किंवा धसईकडून निघणाऱ्याला मुरबाड, मग कल्याण, मग ठाणे. आणि हा झाला केवळ बैठकीचा प्रवास. खरा प्रवास गावापासून पाड्यापर्यंतचा. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, शिक्षक हे तो आपल्या दुचाकीवर किंवा पायी करतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तोही थांबतो.

या प्रवासाला पॉइंट मिळत नाहीत. त्याचे जे मिळायला हवे तेही पुष्कळदा मिळत नाही. काही पदांना दरमहा ठरावीक रकमेचा कायम प्रवासभत्ता असतो. पेट्रोलचे भाव वाढतात त्या वेगाने तो वाढत नाही. बाकीच्यांनी देयक सादर करायचे आणि अनुदान उपलब्ध होण्याची वाट पाहायची. 'अनुदान उपलब्ध नाही' हा शेरा ज्याने कधी वाचला नाही असा कर्मचारी ग्रामीण भागात विरळा. अनेकजण काही वर्षांनी देयक सादर करण्याचेच सोडून देतात, कारण त्याला लागणाऱ्या झेरॉक्सचा, फेऱ्यांचा आणि मनस्तापाचा हिशेब जमत नाही. सरकारच्या दप्तरी तो खर्च झालेलाच नसतो. तो झालेला असतो त्या कर्मचाऱ्याच्या घरखर्चातून.

माझी एक माजी विद्यार्थिनी मुरबाड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. प्रशिक्षणे, केंद्रातील बैठका, निवडणुकीची कामे, निरनिराळी सर्वेक्षणे यांसाठी तिला सतत हिंडावे लागते. मध्यंतरी भेटली तेव्हा तिच्या पर्समधल्या छोट्या कप्प्यात एस.टी.च्या तिकिटांची घडी रबर लावून ठेवलेली दिसली. देयकाला जोडण्यासाठी ती सांभाळली होती. "सर, अर्ध्या तिकिटाची आहेत सगळी," ती हसून म्हणाली, "म्हणजे सरकारला मी अर्ध्यातच पडते."

तिच्या या थट्टेत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासभाड्यात महिलांना निम्मी सवलत आहे. ही सवलत व्यक्तीला आहे, तिच्या स्त्री असण्यामुळे आहे. तरी सरकारी कामाने एस.टी.तून गेलेली ही शिक्षिका प्रवासभत्ता मागते तो तिने प्रत्यक्ष भरलेल्या अर्ध्या तिकिटाचा. तिने पूर्ण भाडे मागून उरलेले अर्धे ठेवून घेतले तर? त्याला आपण खोटे देयक म्हणू आणि चौकशी लावू. म्हणजे सवलत प्रवासाच्या आधी मिळाली तर ती बिनबोभाट सरकारजमा होते. तीच सवलत विमान कंपनीने प्रवासानंतर, पॉइंटांच्या रूपाने दिली तर मात्र ती कोणाची यावर चर्चा सुरू होते. दोन्ही सवलतींचे आर्थिक स्वरूप एकच आहे. भेद आहे तो वेळेचा, आणि खरे सांगायचे तर बसणाऱ्याच्या पदाचा.

शहापूरच्या वाचकाला लाभ एकीकडे आणि भार दुसरीकडे ही व्यवस्था नवी नाही. तानसा धरण १८९२ चे. पुढे वैतरणा झाले, भातसा झाले. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा या तालुक्याच्या डोंगरांतून जातो, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उपमा फार ताणू नये. परंतु लाभ वरच्या टोकाला आणि भार खालच्या टोकाला वाहू द्यायचा हा सार्वजनिक व्यवहाराचा ढाळ एकदा ओळखता आला, की तो पाण्याच्या नळात दिसतो तसा प्रवासाच्या देयकातही दिसतो.

मग करावे काय?

सरकारी प्रवासाचे पॉइंट तत्त्वतः सरकारचे आहेत याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. परंतु तत्त्व खरे असले म्हणून वसुलीची पद्धत खरी ठरत नाही. प्रत्येक अधिकाऱ्याच्या खात्यातील पॉइंट मोजणारी एक नवी नोंदवही, तिला एक नवा लिपिक, त्याच्यावर एक तपासनीस आणि वर्षअखेरीस एक विवरणपत्र, असा पसारा उभा करणे मूर्खपणाचे होईल. वर मान्य केलेला मसाल्याचा युक्तिवाद येथे लागू पडतो.

यावर शहाणपणाचा मार्ग ऑस्ट्रेलियाने दाखवला तोच. पॉइंट मागाहून गोळा करत बसण्याऐवजी ते उत्पन्नच होऊ देऊ नयेत. सरकार हे विमान कंपन्यांचे केवढे तरी मोठे गिऱ्हाईक आहे. ज्या तीन संस्थांमार्फत केंद्राची तिकिटे काढली जातात, त्यांनी कंपन्यांना सरळ सांगावे, की आमच्या तिकिटावर पॉइंट देऊ नका, त्यांच्या किमतीइतके भाडे कमी करा. घाऊक खरेदी करणारा कोणताही व्यापारी हेच करतो. राज्य सरकारला, महामंडळांना, विद्यापीठांनाही आपापल्या प्रवासासाठी अशी एकत्रित खरेदी करता येईल. सूट तिकिटातच उतरली म्हणजे ती आपोआप त्या शिक्षिकेच्या अर्ध्या तिकिटासारखी होते; तिला वहीही लागत नाही आणि मोहही उरत नाही. असे करार होईपर्यंत नियम साधा असावा. अधिकाऱ्याने साठलेले पॉइंट स्वतःच्या पुढच्या सरकारी प्रवासालाच वापरावेत आणि देयकाखाली एका ओळीत तसे लिहून द्यावे. त्यापलीकडे तपास करीत बसू नये. थोडे सुटेल, पण योग्य काय ते लिहिलेले राहील.

याच तत्त्वाचे दुसरे कलम मात्र तितक्याच ठामपणे मांडले पाहिजे, कारण पहिल्यावर टाळ्या वाजवणारे दुसऱ्याच्या वेळी गप्प बसतात. सरकारी कामाचा लाभ सरकारचा असेल, तर सरकारी कामाचा भारही सरकारचाच असला पाहिजे. लाभ निघाला की तो सरकारचा आणि खर्च आला की तो कर्मचाऱ्याचा, असे दुहेरी माप ठेवणाऱ्या मालकाला नोकराकडून निःस्पृहतेची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. प्रवासभत्त्याचे देयक ठरावीक मुदतीत निकालात निघालेच पाहिजे, आणि अनुदान नसेल तर बैठक बोलावू नये, एवढा साधा दंडक घातला तरी पुष्कळ होईल. ज्या बैठकीचा प्रवासखर्च देण्याची ऐपत नाही ती बैठक घेण्याची गरज कितपत आहे, हेही त्यामुळे आपोआप कळेल. आज बैठका स्वस्त वाटतात, कारण त्यांचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून होतो. विमानाचे महाग तिकीट ज्या कारणाने काढले जाते त्याच कारणाने निरर्थक बैठका बोलावल्या जातात. निर्णय एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे!

शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही अभिलाषेने हात लावू नये अशी त्यात ताकीद आहे. ती आपण भाषणांत वारंवार ऐकतो आणि ती अधिकाऱ्यांना उद्देशून आहे एवढेच लक्षात ठेवतो. पण ज्या राज्याने आपल्या अधिकाऱ्याला देठ मोजायला सांगितले, त्या राज्यालाही आपल्या शिपायाचे आणि कारकुनाचे देठ मोजावे लागतात. मुरबाडच्या शिक्षिकेने पदरमोड करून केलेला प्रवास हा राज्याने उचललेला देठच होय.

राहिला प्रश्न माझ्या पॉइंटांचा. ते अजून खात्यात आहेत. ते मी वापरलेले नाहीत, आणि ते परत घेण्याची सोय कोणाकडे नाही. मुदत संपली की ते आपोआप रद्द होतील असे कंपनी कळवते. त्या दिवशी माझे समाधान होईल, पण सरकारच्या तिजोरीत एक पैसाही पडणार नाही. जी सूट कंपनीने द्यायची कबूल केली होती ती तिला द्यावी लागणार नाही एवढेच. म्हणजे आजच्या व्यवस्थेत नियम मोडणाऱ्याचा लाभ त्या माणसाला आणि नियम पाळणाऱ्याचा लाभ विमान कंपनीला. ज्याने भाडे भरले तो दोन्ही वेळी रिकाम्या हाताने घरी जातो. हा हिशेब मी यंदा वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग ते भाडे भरणारा कोण?" त्याचे वडील शेतमजूर आहेत. काडेपेटीपासून चपलेपर्यंत जे जे विकत घेतात त्यावर तेही कर भरतात. मी त्याला तेवढेच सांगितले.